राणीच्या बागेतला दगडी हत्ती आणि रानातला हत्ती

श्रावण सरत आला की लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांतून हत्तीची हजारो मस्तके आकार घेऊ लागतात. गिरगावातल्या किंवा दादरच्या कोणत्याही शाळेत तिसरीतल्या मुलाला हत्ती काढायला सांगितला, तर तो सोंड, सुपासारखे कान आणि खांबासारखे पाय बिनचूक काढील. परंतु त्याच शाळेत दहावीच्या वर्गात विचारून पाहावे : हत्तींच्या कळपाचा म्होरक्या नर असतो की मादी? सुळे सगळ्याच हत्तींना असतात का? एका कळपाला राहायला रान किती लागते? या प्रश्नांना बहुधा उत्तर मिळणार नाही. ज्या प्राण्याचे मस्तक आपण दरवर्षी घरात आणतो, त्याच्या रानातल्या आयुष्याविषयी आपल्याला फारच थोडे ठाऊक असते.

यात मुलांचा दोष नाही. माणसाचे हत्तीविषयीचे ज्ञान मुळातच या क्रमाने वाढत आले आहे. आधी त्याला हत्तीचे शरीर कळले, कारण हत्ती पकडलेला, राबवलेला, मारलेला किंवा कोरलेला असा त्याच्या हाताशी होता. रानातल्या मोकळ्या हत्तीचे जीवन कळायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. या दोन्ही टप्प्यांच्या खुणा मुंबईतच, भायखळा ते फोर्ट एवढ्या अंतरात पाहायला मिळतात. त्या खुणांच्या आधाराने हा इतिहास येथे मांडण्याचा आमचा विचार आहे. आता हत्ती महाराष्ट्रात पुन्हा आले असल्यामुळे त्याची गरजही निर्माण झाली आहे.

घारापुरीचा हत्ती

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. शाळेच्या सहलीत मुले त्याच्यासमोरून पळत पुढे जातात. हाच तो हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. बेटाच्या दक्षिण बाजूला, धक्क्यापासून जवळच तो उभा होता. मुंबई बेट पोर्तुगीजांकडून भाडेपट्ट्याने घेणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूपी ग्रंथात घारापुरीचे वर्णन केले आहे. त्याच ग्रंथात हस्तिदंत आणि हत्ती यांच्यावर एक स्वतंत्र संवादही आहे.

सप्टेंबर १८१४ मध्ये या दगडी हत्तीचे डोके आणि मान गळून पडली. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, परंतु उचलताना यारीचा दांडा मोडला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवण्यात आले. तेथे ते पन्नास वर्षे पडून होते. १९१४ साली कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ जाऊन पाहिले तर सांधे दिसतात.

हत्ती बेटावर असताना केलेली मोजमापे बर्जेस यांनी नोंदवून ठेवली आहेत : लांबी १३ फूट २ इंच, उंची ७ फूट ४ इंच. म्हणजे उंची सुमारे २.२४ मीटर. भारतीय हत्तीची पूर्ण वाढलेली मादी खांद्यापाशी साधारण एवढीच उंच असते. नर पावणेतीन मीटरपर्यंत जातो, क्वचित त्याहूनही उंच. म्हणजे दगडी हत्ती जवळजवळ जिवंत हत्तीच्याच मापाचा आहे.

येथे शिक्षकांना उपयोगी पडेल असा एक जुना ठोकताळा सांगतो. हत्तीच्या पुढच्या पावलाच्या घेराची दुप्पट म्हणजे त्याची खांद्यापर्यंतची उंची. माहूत हे पूर्वापार जाणतात आणि अभ्यासकांनीही ते पुष्कळ मोजमापांनी तपासले आहे. २.२४ मीटर उंचीच्या हत्तिणीच्या पावलाचा घेर १.१२ मीटर, म्हणजे व्यास सुमारे ३६ सेंटिमीटर येतो. वर्गाच्या जमिनीवर खडूने तेवढे वर्तुळ काढावे आणि भिंतीवर २.२४ मीटरवर खूण करावी. चिखलातल्या एका ठशावरून, हत्ती न पाहताच, त्याची उंची आणि वयाचा अंदाज कसा बांधतात हे मुलांना पाच मिनिटांत कळते.

अपरान्तातले हत्ती

घारापुरीच्या शिल्पकारांना हत्ती कोठे पाहायला मिळाला असेल? राजांच्या पदरी हत्ती असतच, परंतु रानटी हत्तीही तेव्हा कोकणाला परके नव्हते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कौटिलीय अर्थशास्त्रात हत्तींची प्रदेशवार प्रतवारी दिली आहे. कलिंग आणि अंग देशांतले हत्ती उत्तम, दशार्ण आणि अपरान्त येथले मध्यम, सौराष्ट्रातले कनिष्ठ. अपरान्त म्हणजे आपले कोकण आणि सोपारा हे त्यातले मोठे बंदर. याचा अर्थ असा, की आज जेथे मुंबई आहे तो प्रदेश त्या काळी हत्तींच्या मुलखात मोडत होता. प्रा. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केली. ती आजही अभ्यासकांचा आधार आहे.

अर्थशास्त्रातला हत्तीविषयीचा भाग निसर्गाच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. हत्तींसाठी राखलेल्या वनात कोणी हत्ती मारला तर त्याला देहदंड सांगितला आहे. मेलेल्या हत्तीचे सुळे आणून देणाऱ्याला बक्षीस आहे. हत्ती पकडायचा तो उन्हाळ्यात आणि वीस वर्षांचा. पिल्लू, रोगी, गाभण आणि दूध पाजणारी हत्तीण पकडायची नाही. सुळे नसलेला नरही पकडायचा नाही. अशा नराला तेथे 'मत्कुण' म्हटले आहे. आज त्याला 'मखना' म्हणतात.

या नियमांमागे व्यवहार होता. पाळीव हत्तींची पैदास करणे परवडत नाही. हत्तीण वीस ते बावीस महिने गाभण राहते, एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते आणि दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचे अंतर असते. ते पिल्लू कामाला येण्यासाठी वीस वर्षे पोसायचे, आणि प्रौढ हत्तीला तर दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. त्यापेक्षा रानाने वाढवलेला हत्ती पकडून आणणे स्वस्त. तेव्हा हत्ती हवे असतील तर त्यांचे रान राखले पाहिजे, हे राजांना हिशेबानेच समजले होते.

कौटिल्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. वनपालांनी कळपांचा माग काढायचा तो हत्तींच्या बसण्या-निजण्याच्या जागा, पावलांचे ठसे, लीद आणि ढासळलेले नदीकाठ पाहून. ही लीद लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

पश्चिम भारतातले हत्ती फार जुन्या काळी संपले असेही नाही. आजच्या गुजरातमधल्या दाहोदच्या रानात १६१८ साली हत्ती पकडल्याचे जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. पुढे मात्र जंगले तुटली, हत्ती पकडले गेले आणि ते दक्षिणेकडे कर्नाटकाच्या रानापर्यंत आटले. मुंबई शहर वाढले तेव्हा हत्ती कोकणातून गेलेला होता. राहिला तो मूर्तीत, सर्कशीत आणि बंदरात उतरणाऱ्या मालात.

मूर्तीतले शरीरशास्त्र

मूर्तीकडे थोडे शरीरशास्त्राच्या नजरेने पाहू. गणपतीचे मस्तक हे आशियाई हत्तीचे मस्तक आहे. आफ्रिकी हत्तीचे कपाळ सपाट उतरते आणि कान खांदे झाकण्याइतके मोठे असतात. आपल्या हत्तीच्या माथ्यावर दोन उंचवटे असतात. संस्कृत कवी त्यांना कुंभ म्हणतात. कान त्या मानाने लहान असतात, तरी सुपाएवढे. शूर्पकर्ण हे नाव त्यावरूनच आले. या कानांचे काम ऐकण्यापुरते नसते. हत्तीला घाम जवळजवळ येत नाही. कानाच्या पातळ कातडीखाली रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि कान हलवून हत्ती रक्त थंड करतो.

सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ मिळून झालेला अवयव. तिच्यात एकही हाड नाही, सगळे स्नायूच. आशियाई हत्तीच्या सोंडेच्या टोकाला वरच्या बाजूला बोटासारखा एकच कोंब असतो, आफ्रिकी हत्तीला दोन असतात. म्हणून आपला हत्ती वस्तू बहुधा सोंडेचे टोक गुंडाळून उचलतो, तर आफ्रिकी हत्ती चिमटीत धरतो. मूर्तिकाराने मोदकाभोवती सोंड वळवलेली असते, ती या दृष्टीने अचूक आहे. उजव्या आणि डाव्या सोंडेचा गणपती हा तर आपल्याकडे नेहमीच्या चर्चेचा विषय. श्रीलंकेतल्या रानटी हत्तींवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की चारा गुंडाळताना प्रत्येक हत्ती सोंडेची एक ठरावीक बाजू अधिक वापरतो. माणसात उजवे-डावखुरे असतात तसेच हे.

मूर्तीत न दिसणारी गोष्ट म्हणजे दाढा. हत्तीला जन्मभरात दाढांचे सहा संच येतात. नवी दाढ मागून पुढे सरकते आणि झिजलेली दाढ पुढच्या बाजूने तुकड्या-तुकड्यांनी गळते. शेवटचा संच झिजला की हत्तीला चारा चावता येत नाही. म्हणजे रानातल्या हत्तीच्या आयुष्याची मर्यादा पुष्कळदा त्याच्या दाढा ठरवतात. खाल्लेल्यातले निम्म्याहून कमीच पचत असल्यामुळे त्याला दिवसाचे बहुतेक तास चरावे लागते. पुढे रानाच्या क्षेत्रफळाचा प्रश्न येईल, त्याचे मूळ या तोंडात आणि पोटात आहे.

बंदरात उतरणारे सुळे

सुळे म्हणजे वरच्या जबड्यातले वाढलेले पटाशीचे दात. ते जन्मभर वाढतात आणि त्यांचा सुमारे एक तृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो. आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही सुळे असतात. आशियाई हत्तींत मोठे सुळे नरालाच येतात, तेही सर्व नरांना नाही. श्रीलंकेत तर बहुसंख्य नर बिनसुळ्यांचेच आहेत.

ओर्ताने सोळाव्या शतकातच लिहून ठेवले आहे, की आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हस्तिदंत भारतात येतो तो मुख्यतः बायकांच्या बांगड्यांसाठी. एकोणिसाव्या शतकात या व्यापाराचे मोठे केंद्र मुंबई बंदर झाले. झांजिबारहून सुळे यायचे, कच्छी भाटिया आणि खोजा व्यापाऱ्यांच्या पेढ्यांतून ते विकले जायचे, काही गुजरात-राजस्थानातल्या चुडेवाल्यांकडे जायचे आणि काही पुन्हा जहाजाने लंडनला. पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत मऊ, कातताना न तडकणारा म्हणून त्याला मागणी अधिक. गोदीवर सुळ्यांची प्रत, वजन आणि भाव यांचे बारीक ज्ञान होते. तो सुळा ज्याच्या तोंडातून निघाला त्या जनावराचे ज्ञान मात्र तेथे कोणाला लागत नव्हते.

या व्यापाराचा परिणाम रानात कसा दिसतो, हे पुढे केरळातल्या पेरियारमध्ये आढळले. सुळे नरालाच असल्यामुळे चोरटे शिकारी निवडून नरच मारत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे एका प्रौढ नरामागे शंभराच्या आसपास माद्या उरल्याचे गणनांत दिसले. १९८६ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती करून भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद करण्यात आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही.

१५ सप्टेंबर १८८३

आता पुन्हा राणीच्या बागेत येऊ. १५ सप्टेंबर १८८३ रोजी येथल्या संग्रहालयात, तेव्हाच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. सहा युरोपीय होते आणि दोन भारतीय डॉक्टर. त्यांपैकी एक आत्माराम पांडुरंग, गिरगावात ज्याचे मंदिर आहे त्या प्रार्थना समाजाचे १८६७ मधले संस्थापक. दुसरे सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. ही मंडळी आत सभा घेत असताना घारापुरीच्या हत्तीचे तुकडे बाहेर बागेत पडलेले होते. हत्तीविषयीच्या तेव्हाच्या ज्ञानाची स्थितीही जवळजवळ तशीच होती.

त्यात पुष्कळ गोष्टी खऱ्या होत्या. म्हैसूरमध्ये हत्ती हाकून कोंडण्याची 'खेडा' पद्धत १८७४ साली यशस्वी करणारे सँडरसन यांनी आपल्या १८७८ च्या पुस्तकात लिहिले होते, की कळपाची म्होरकी मादीच असते. हत्तींच्या उंचीच्या फुगवलेल्या आकड्यांनाही त्यांनी मोजून उत्तर दिले होते. माहुतांना मद ठाऊक होता. डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून वाहणारा हा स्राव प्रौढ नराला बहुधा वर्षातून एकदा येतो. त्या काळात रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक अनेक पटींनी वाढते, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. आपल्या कवींनी आणि वैद्यांनी ज्याचे वर्णन दोन हजार वर्षांपूर्वी केले, तो मद आफ्रिकी नरांनाही येतो, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले ते १९८१ साली. पालकाप्य मुनींच्या नावाने प्रसिद्ध असलेला हत्तीच्या रोगांवरचा 'हस्त्यायुर्वेद' पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला आहे.

असे हे ज्ञान होते. पण ते पकडणाऱ्याचे, पाळणाऱ्याचे आणि शिकाऱ्याचे होते. सोसायटीचे नियतकालिक १८८६ साली सुरू झाले, तेव्हा चहाच्या मळ्यांतून आणि जंगलखात्यातून लोक त्यात आपल्या नोंदी पाठवू लागले. १९११ पासून सोसायटीने सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. तिची पद्धत कातडी आणि कवट्या गोळा करण्याची होती. उंदीर आणि वटवाघळे यांच्यासाठी ती फार उपयोगी पडली, परंतु हत्तीच्या जगण्याविषयी कवटी काही सांगत नाही. सोसायटीचे प्रेटर यांनी १९४८ साली भारतीय प्राण्यांवरचे पुस्तक लिहिले. त्या वेळेपर्यंत हत्ती मोकळा असताना वर्षभर कोठे जातो, कोणाबरोबर राहतो, किती रान वापरतो, याचे मोजून दिलेले उत्तर नव्हते.

मोकळ्या हत्तीच्या मागावर

हे उत्तर शोधण्याचे एक मोठे काम सोसायटीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेतले. जे. सी. डॅनियल यांच्या मार्गदर्शनाखाली तमिळनाडूच्या मुदुमलाई परिसरात काही हत्तींच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधण्यात आले. भारतातल्या अशा आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक. मूळचे बेळगावकडचे अजय देसाई हे या कामातले प्रमुख संशोधक. २०२० साली ते वारले, तोपर्यंत देशभर हत्तींच्या प्रश्नावर त्यांचा सल्ला घेतला जात असे.

या पद्धतीची भूमिती शाळेतलीच आहे. पट्ट्यातला प्रक्षेपक ठरावीक वारंवारतेचे संदेश सोडतो. संशोधक दिशा दाखवणारी अँटेना फिरवून, संदेश सर्वांत स्पष्ट येतो ती दिशा नकाशावर रेषेने दाखवतो. मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन दुसरी रेषा. दोन रेषा जेथे छेदतात तेथे हत्ती. असे बिंदू वर्षानुवर्षे नोंदवून बाहेरचे बिंदू जोडले, की त्या हत्तीचे भ्रमणक्षेत्र मिळते.

मुदुमलाई आणि भोवतालच्या नीलगिरीच्या रानात माद्यांच्या कळपांची भ्रमणक्षेत्रे सुमारे साडेपाचशे ते आठशे चौरस किलोमीटर भरली. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतचे मुंबईचे मूळ बेट सुमारे ६८ चौरस किलोमीटरांचे. म्हणजे एका कळपाला आठ ते बारा मुंबई बेटे लागतात. कुलाबा ते दहिसर-मुलुंड अशी सबंध महापालिकेची हद्दही त्याला पुरत नाही. आणखी एक गोष्ट दिसली. हे क्षेत्र कळप दरवर्षी नवे निवडत नाही. पावसाळ्यात येथे, उन्हाळ्यात त्या नदीकाठी, असे ठरलेले चक्र असते. वयस्क हत्तिणीला वाटा आणि पाणवठे ठाऊक असतात आणि तिच्या मागे लेकी, नाती आणि पिल्ले असतात. वयात येणारे नर कळप सोडून जातात. वाटेत धरण, मळा किंवा वस्ती उभी राहिली म्हणून कळप सहजासहजी मुलूख बदलत नाही.

कळप पांगूनही एकमेकांचा पत्ता कसा राखतात, याचे उत्तर याच दशकात मिळाले. १९८४ साली कॅथरीन पेन यांना अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ उभे असताना हवेत धडधड जाणवली, आवाज मात्र ऐकू येईना. ध्वनिमुद्रण तपासल्यावर उलगडा झाला. हत्ती सुमारे १४ ते २४ हर्ट्झच्या आवाजात बोलतात, आणि माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खालचे ऐकत नाही. कमी वारंवारतेचा आवाज झाडीत कमी शोषला जातो, म्हणून तो काही किलोमीटर पोचतो. हजारो वर्षे हत्तीच्या पाठीवर बसलेल्या माणसाला हत्तीचे निम्मे बोलणे ऐकूच आले नव्हते.

जून १९९३ मध्ये मुदुमलाईला आशियाई हत्तींच्या रक्षणावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला. त्याचे वृत्तांत सोसायटीने १९९५ मध्ये ग्रंथरूपाने आणले. त्याआधी १९८९ साली बंगळूरच्या आर. सुकुमार यांचा ग्रंथ आला होता आणि १९९२ साली केंद्र सरकारने 'हत्ती प्रकल्प' सुरू केला होता. दहा-पंधरा वर्षांच्या अवधीत हत्ती शास्त्रज्ञांच्या दृष्टीने बदलला. त्याआधी तो एक प्रचंड प्राणी होता. आता तो एका कुटुंबाचा घटक होता आणि त्या कुटुंबाला एक मुलूख होता.

हत्ती परत आले

हे सर्व नीलगिरीच्या रानापुरते राहिले असते, तर महाराष्ट्रातल्या शिक्षकाने ते माहिती म्हणून वाचून सोडले असते. परंतु २००२ साली कर्नाटकातून काही हत्ती सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात उतरले. पुढे ते कोल्हापूरच्या चंदगड-आजरा भागातही जाऊ लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून वीसहून अधिक हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. कित्येक शतकांनंतर अपरान्तात पुन्हा हत्ती वावरू लागले. त्यांच्याशी कसे वागायचे याची जाण मात्र मधल्या काळात गावांतून पार गेली होती.

याची किंमत गावे मोजत आहेत. नारळ, केळी, सुपारी, भात, काजूच्या बागा एका रात्रीत आडव्या होतात. माणसे मेली आहेत, हत्तीही मेले आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये सिंधुदुर्गातल्या माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडण्यात आले. त्यानंतरही दोडामार्गात हत्तींचा वावर राहिलाच. जून २०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले, त्याचे क्षेत्रफळ सुमारे २९.५ चौरस किलोमीटर आहे. हे क्षेत्र आवश्यकच होते. परंतु मुदुमलाईचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. साडेपाचशे कोठे आणि साडेएकोणतीस कोठे! हत्ती त्या रेषेच्या आत राहणार नाही. त्याचे पोट आणि त्याची स्मरणशक्ती त्याला राहू देणार नाही. तो कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्या हद्दी ओलांडतच राहील. म्हणून उपायही तिन्ही राज्यांनी मिळून, सलग रानाचा आणि वाटांचा विचार करूनच योजावे लागतील. शेतकऱ्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळणे आणि हत्ती कोठे आहे याची खबर गावाला संध्याकाळीच मिळणे, हे या उपायांत सर्वांत आधी आले पाहिजे. ज्याची बाग गेली त्याला हत्तीचे कौतुक सांगण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही, असे आम्हाला वाटते. त्याच्या भरपाईसाठी बोलणे मात्र शहरातल्या माणसाला जमण्यासारखे आहे.

आता त्या लिदीकडे वळू. २०२५ साली देशातल्या हत्तींचा नवा अंदाज प्रसिद्ध झाला. त्यासाठी रानोरानीच्या लिदीचे नमुने गोळा करून त्यांतील डीएनए तपासण्यात आले. प्रत्येक हत्तीचा डीएनए वेगळा, त्यामुळे तोच हत्ती दोनदा मोजला जाण्याची अडचण बरीच टळते. अंदाज निघाला २२,४४६. पूर्वीच्या गणनांची पद्धत निराळी असल्याने त्यांच्याशी याची सरळ तुलना करता येत नाही. लीद पाहून हत्तीचा माग काढावा हे कौटिल्याच्या वनपालालाही ठाऊक होते. आपण त्या लिदीतून हत्तीची ओळख पटवायला शिकलो.

वर्गात करता येईल असे काम सोपे आहे. मुंबईचा प्रमाणबद्ध नकाशा आलेखकागदावर घ्यावा, चौकोन मोजून मूळ बेटाचे क्षेत्रफळ काढावे आणि त्याच प्रमाणात ५५० चौरस किलोमीटरचे वर्तुळ कापून नकाशावर ठेवावे. त्याची त्रिज्या सुमारे १३.२ किलोमीटर येते. वर्तुळाचे केंद्र परळवर ठेवले, तर त्यात कुलाबा, घारापुरी, वांद्रे, कुर्ला आणि भोवतालचा समुद्र असे सगळे मावते. मग दुसरे वर्तुळ साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचे कापावे; त्याची त्रिज्या तीन किलोमीटरांहून थोडी अधिक. ते पहिल्याच्या आत ठेवावे आणि मुलांना विचारावे, की पंधरा हत्तींचा कळप दिवसाला प्रत्येकी दीडशे किलो चारा खात असेल, तर लहान वर्तुळात तो किती दिवस टिकेल आणि नंतर कोठे जाईल. मुले उत्तरे काढतील. त्यांतली काही आपल्या कोकणातल्या गावचे नावही घेतील. त्यानंतर सहल राणीच्या बागेत न्यावी आणि दगडी हत्तीचे सांधे जवळून दाखवावेत.